एकतिसावा चौकोन

कवठाळवाडीच्या जिल्हा परिषद शाळेला तीन खोल्या, आणि त्यातली तिसरी इतकी नवी की तिच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. त्या खोलीत भिंतीएवढा टीव्ही होता, छपरावर सौरऊर्जेच्या पाट्या होत्या आणि मुलींच्या संडासाला आतून कडी लागणारं दार होतं. सरकार शिक्षणावर जो पैसा ओततं तो सोनपेठच्या अलीकडेच आटतो, असं म्हणणारी पारावरची मंडळी ही खोली उभी राहिल्यापासून गप्प झाली होती. पैसा आला होता आणि तो डोळ्यांना दिसत होता. आता राहिलं होतं ते मुलांना वाचता येणं, आणि ते काम काही ठेकेदाराला देता येत नाही.

ते पंडित सरांकडे होतं. पंडित खिल्लारे, वय बेचाळीस, राहायला सोनपेठला, रोज मोटारसायकलवर येऊन-जाऊन. दुसरे दत्तराव सर, मुख्याध्यापक. त्यांच्याकडे पहिलीचा वर्ग होता आणि शाळेची माहिती भरायचं काम होतं. त्यांचा निम्मा जीव माहिती भरण्यात जायचा आणि उरलेला निम्मा, ती वेळेत का भरली नाही याची उत्तरं देण्यात. म्हणून दुसरी ते चौथीची एकतीस पोरं पंडित सरच सांभाळायचे, आणि चांगली सांभाळायचे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कामचुकार मास्तराची गोष्ट सांगायला सोपी असते, त्याला चार शिव्या हासडल्या की सांगणारा मोकळा आणि ऐकणाराही मोकळा. पंडित सर तसले नव्हते. एकतीसपैकी तीस पोरं त्यांनी वाचती केली होती.

राहिली होती शिवकन्या.

शिवकन्या चौथीत होती, अंगानं काटकुळी, कामाला चटपटीत. तिचे आईबाप दरसाल दसरा झाला की सांगलीकडे ऊस तोडायला जायचे आणि उन्हं तापल्यावर परत यायचे. तीन वर्षं ते पोरीलाही सोबत न्यायचे. फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, भाकरी थापायला आणि धाकटीला सांभाळायला कुणीतरी लागतंच. म्हणजे जूनमध्ये पोरगी शाळेत यायची, चार अक्षरं शिकायची आणि ती पक्की व्हायच्या आत ट्रकमध्ये बसून निघून जायची. पुढच्या जूनला परत 'क' पासून सुरुवात.

पंडित सरांना हे बघवायचं नाही, कारण ते स्वतः कोयत्याच्याच घरातले होते. त्यांची आई ऊस तोडायची. तिनं त्यांना समाजकल्याणच्या वसतिगृहात टाकलं नसतं तर आज त्यांच्याही हातात खडूऐवजी कोयताच असता, हे ते अनुभवाचा दाखला म्हणून आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत सांगत आणि लोक माना डोलावत.

यंदा जूनमध्येच त्यांनी शिवकन्येच्या बापाला, परमेश्वरला, किराणा दुकानासमोर गाठलं.

"परमेश्वरभाऊ, यंदा पोरीला आजीपाशी ठेवा. एक वर्ष द्या मला. ती वाचायला लागली की मग मी तुम्हाला एक शब्दानं अडवणार नाही."

परमेश्वर मितभाषी माणूस. त्यानं बराच वेळ टाचेनं माती उकरली. "मुकादमाला तिघं येतो म्हनून सांगायलो व्हतो सर. पर तुमी म्हनायलाव तर ठिवतो. वाचायला येस्तवर ठिवतो."

त्या दिवशी पंडित सर घरी गेले ते शीळ वाजवतच. बायकोला, सत्यशीलाला, त्यांनी हे दोनदा सांगितलं.

आता चौकोनांचं सांगायला हवं. दर महिन्याला प्रत्येक मास्तरानं मोबाईलवर मुलांची प्रगती भरायची असते. एका मुलाचा एक चौकोन. वाचतं लेकरू हिरवं, न वाचतं लाल. महिनाअखेरीच्या बैठकीत सगळ्या शाळांचे चौकोन मोठ्या पडद्यावर लावतात आणि चहा-बिस्किटाबरोबर सगळे एकमेकांचे लाल चौकोन मोजतात. जुलैमध्ये कवठाळवाडीचे तीस चौकोन हिरवे होते आणि एकतिसावा लाल. ऑगस्टमध्येही तसंच. केंद्रप्रमुख हसून म्हणाले, "खिल्लारे सर, एवढ्या हिरव्यागार रानात हे एकच गवत कसलं ठेवलंय?" सगळे हसले. पंडित सरही हसले, पण घरी जाताना त्यांनी शीळ वाजवली नाही.

आणि शिवकन्या शिकत होती, खरंच शिकत होती. अक्षरं येत होती, काना येत होता. मात्रा-वेलांटीला अडखळायची आणि जोडाक्षर आलं की रस्त्यात बैल बसावा तशी बसायची. आणखी दोन महिन्यांत वाचेलच, सरांनी मनाशी हिशेब केला. आज ना उद्या खरं होणारच आहे तर ते आज लिहिल्यानं काय बिघडतं? सप्टेंबरच्या तीस तारखेला त्यांनी अंगठ्यानं एकतिसावा चौकोन हिरवा केला. त्याला एक क्षणसुद्धा लागला नाही.

त्या एका अंगठ्याचा परिणाम दोन ठिकाणी झाला. ज्या शाळांत लाल चौकोन होते तिथे खास वाचनवर्ग सुरू होणार होता, शिकवायला एक ताई आणि सोबत चित्रांच्या पुस्तकांची पेटी. कवठाळवाडी हिरवीगार झाल्यावर तिथे ताईचं काय काम? ती ताई शेजारच्या तांड्यावरच्या शाळेला मिळाली. दुसरा परिणाम असा की शंभर टक्के हिरव्या शाळांची यादी निघाली, आणि त्या शाळांची खातरजमा करायला परभणीहून पथक येणार असा निरोप आला.

निरोप आला तेव्हा दत्तराव सरांचा चेहरा उतरला. "पंडितराव, ती शिवकन्या?"

"त्या दिवशी घरी ठेवू तिला."

"गैरहजर पोरगं असलं की पथक परत येतंय म्हणे. यादीतलं प्रत्येक नाव तपासणार. नावाला माणूस पाहिजे."

एवढं बोलून दत्तराव सर थांबले. पुढचं त्यांनी सुचवलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. ते पंडित सरांच्याच तोंडून निघालं. "राजेश्री आहे की. मागच्या वर्षी चौथी पास झालेली. अंगानं एवढीशीच आहे, आणि खडाखडा वाचते. तिची मोठी शाळा दुपारची असते."

असं करणारे ते काही पहिले नव्हते. पाहुणे येणार म्हटल्यावर घरातली फुटकी भांडी फळीवरून खाली उतरवून ठेवतात, तशी तपासणीच्या दिवशी कच्ची पोरं बाजूला ठेवायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि तिचं कुणाला फारसं काही वाटत नाही. पंडित सरांना मात्र इतकी वर्षं वाटत आलं होतं. या वेळीही वाटलं, पण शाळेच्या नावाचा प्रश्न आहे असं म्हणून त्यांनी ते दाबलं.

पथक यायच्या दिवशी सकाळी त्यांनी शिवकन्येला जवळ बोलावलं. "तू आज बबितामावशीला खिचडीच्या शेडात मदत कर. बाहेर येऊ नको. मी बोलावल्यावरच ये."

"बरं सर," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला गेली. कामून, असं तिनं विचारलंच नाही.

पथकातल्या मॅडम चांगल्या होत्या. खुर्ची बाजूला सारून त्या मुलांत सतरंजीवर बसल्या, नावं घेत घेत एकेकाला वाचायला लावत गेल्या. मुलं वाचत होती आणि सरांचा ऊर भरून येत होता, कारण ती तीस पोरं अस्सल होती. मग मॅडम म्हणाल्या, "शिवकन्या परमेश्वर."

राजेश्री उठून उभी राहिली. "हजर, मॅडम."

एकाही पोरानं मान वळवली नाही. सरांनी आदल्या दिवशी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं होतं, आणि सरांचं ऐकायची त्यांना सवय होती. राजेश्रीनं ओढ्यावरचा धडा असा वाचला की मॅडमनी मध्येच पुस्तक मिटून विचारलं, "तुझे आईवडील काय करतात?"

"ऊसतोडीला जातात," राजेश्री म्हणाली. तिच्या बापाचं किराणा दुकान होतं.

मॅडमचे डोळे पाणावले. "बघा," त्या सोबतच्यांना म्हणाल्या, "यासाठीच तर चाललंय सगळं. ऊसतोड कामगाराची मुलगी. शिवकन्येसाठी टाळ्या वाजवा." मुलांनी टाळ्या वाजवल्या, दत्तराव सरांनी वाजवल्या, पंडित सरांनीही वाजवल्या. स्वयंपाकाचं शेड खिडकीला लागूनच होतं. नंतर भांडी घासताना बबितानं सहज सांगितलं, "आत टाळ्या वाजायल्या तशी शिवकन्याबी वाजवायली सर. आयकायलं जातंय ना समदं."

सरांनी ते ऐकलं आणि खिचडी चांगली झाली होती असं काहीतरी बोलून ते मोटारसायकलकडे गेले. आयुष्यात आपल्याला कधी एवढी लाज वाटली होती का, ते त्यांना आठवेना.

आठ दिवसांनी निकाल आला. कवठाळवाडी आदर्श शाळा, आणि 'उत्कृष्ट वाचक' म्हणून शिवकन्येच्या नावाचं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. ते तिला देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सरांनी सगळी मुलं गेल्यावर तिला थांबवलं आणि प्रमाणपत्र तिच्या हातात ठेवलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं.

"सर, ह्ये राजेश्रीला द्यायचं का?"

"नाही. घरी घेऊन जा. आणि हे बघ, उद्यापासून शाळा सुटल्यावर आपण रोज बसायचं. महिन्याभरात तू तिच्याहून छान वाचशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आजी, धुरपताबाई, पदराखाली पितळी वाटी धरून शाळेत आली. वाटीत गुळाचे खडे होते. तिनं सगळ्या पोरांना वाटले, दत्तराव सरांना दिला आणि मग पंडित सरांपुढे आली.

"त्वांड गोड करा गुरुजी. तुमच्या हातानं लेकराचं नाव झालं."

सरांनी गूळ घेतला. म्हातारीच्या डोळ्याला डोळा देणं त्यांना जमलं नाही. हिला अक्षर येत नाही, हिला काय कळणार, असा एक विचार मनात आला आणि त्या विचाराचीच त्यांना जास्त शरम वाटली. पण बरंही वाटलं. गावात कुणाला काही कळलेलं दिसत नव्हतं. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं जग आंधळं आहे. बेचाळीस वर्षांच्या शिकल्या-सवरल्या माणसाला तसं वाटायला नको होतं, पण वाटलं खरं.

शाळा सुटल्यावर शिवकन्येला बसवायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि चार दिवस बसवलंही. पाचव्या दिवशी परभणीला सत्कार होता. नंतर दुसऱ्या शाळांचे मास्तर 'आदर्श' वर्ग बघायला येऊ लागले, त्यांना चहा पाजावा लागे. मग दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या. सुट्टीनंतर नक्की, असं सर स्वतःला सांगत राहिले.

सुट्टीनंतरच्या पहिल्याच सोमवारी परमेश्वर ऑफिसच्या दारात उभा राहिला. मागे व्हरांड्यात, खांबाला टेकून शिवकन्या होती.

"सर, ते हमी कार्ड पायजे व्हतं. परवा टरक येयलाय. तकडच्या शाळंत बसवायचं म्हनलं तर कार्ड लागतंय म्हनत्यात."

बाहेरगावी जाणाऱ्या मुलांना शाळा एक कार्ड देते. ते दाखवलं की तिथली शाळा मुलाला वर्गात घेते, आणि मुलाला किती येतं ते त्यावर बघून पुढचं शिकवते. परमेश्वरनं तीन वर्षांत असं कार्ड कधी मागितलं नव्हतं.

"पण तुम्ही तर तिला ठेवणार होता," पंडित सर म्हणाले.

"वाचायला येस्तवर म्हनलो व्हतो."

दत्तराव सरांनी कपाटातून कोरं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "वाचनाच्या रकान्यात ऑनलाईन आहे तेच लिहा पंडितराव. फरक पडायला नको," ते हलक्या आवाजात म्हणाले. त्यांचा फोन वाजला आणि ते बाहेर मैदानात गेले.

पंडित सरांनी नाव लिहिलं. इयत्ता लिहिली. मग पेन वाचनाच्या रकान्यावर आलं आणि थांबलं. 'वाचते' एवढं लिहिलं की तिकडचा मास्तर पोरीला वाचणाऱ्या पोरांत बसवणार, तिला काहीच येत नाही हे बघून वैतागणार आणि शेवटी मागच्या रांगेत ढकलणार. ती आठ दिवसांत शाळेचं नाव सोडेल. आणि खरं लिहिलं तर आत्ता, इथे, तिच्या बापासमोर बोलावं लागेल.

"परमेश्वरभाऊ," ते म्हणाले, "बसा जरा. तुम्हाला एक सांगायचंय. त्या प्रमाणपत्राचं... तिला वाचता येत नाही. त्या दिवशी मी दुसरीच पोरगी उभी केली होती."

परमेश्वर बसला नाही. हातातली टोपी त्यानं एकदा उलटी केली, परत सुलटी केली.

"म्हाईत हाय सर."

"काय?"

"तिनं त्याच दिशी सांगितलं घरी. शेडात बसून समदं आयकलं म्हनली. आन् समद्या गावाला बी म्हाईत हाय. लेकरांच्या पोटात ऱ्हातंय व्हय?"

"मग तुमच्या आईंनी तो गूळ..."

"माय म्हनली, गुरुजी तसलं मानूस न्हाई. काईतरी अडचन आसंल म्हनून केलं आसंल. आपुनच त्वांड वाकडं केलं तर गावात गुरुजीची इज्जत ऱ्हानार न्हाई. म्हनून वाटला गूळ." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना सोसायला सोपं गेलं असतं. "शिवकन्याबी म्हनली, सरला सांगू नगा, सरला वाईट वाटंल."

पंडित सरांना खुर्चीत बसवेना आणि उठवेना. म्हातारीला काय कळणार म्हणून ज्या तोंडानं आपण गूळ खाल्ला ते तोंड आता कुठे लपवावं? गेले तीन आठवडे सगळं गाव त्यांना रामराम करत होतं आणि प्रत्येक रामराम करणाऱ्याला माहीत होतं. त्यांना वाटत होतं की आपण गावाची अब्रू राखली, आणि इथे गाव त्यांची राखत बसलं होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पण तिचं नुकसान नका करू भाऊ. ठेवा तिला. मी शाळा भरायच्या आधी एक तास येतो, सुटल्यावर एक तास थांबतो. शब्द देतो तुम्हाला."

"जूनात बी तुमी शब्द दिल्ता सर, आन् म्या मुकादमाला न्हाई म्हनलो व्हतो. तुमच्यावर इसवास न्हाई आसं न्हाई. तुमी शिकवताव, म्या बगितलंय." परमेश्वरनं वळून व्हरांड्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पर सायेब आले तवा शाळा चांगली दिसावी म्हनून तिला भाईर बसवावं लागलं. ती रातभर इचारायली, बाबा, मी वंगाळ दिसते का? काय सांगू तिला? तकडं उसाच्या फडात काई नसंल, पर तिला कुनी लपवत न्हाई."

पंडित सरांनी कार्ड पुढे ओढलं.

"तेवढं कार्डावर खरं ल्ह्या," परमेश्वर म्हणाला. "तकडच्या मास्तरला तरी कळू द्या कुठून शिकवायचं ते."

सरांनी लिहिलं. मुळाक्षरं येतात, काना येतो, मात्रा-वेलांटीला अडखळते, जोडाक्षरं येत नाहीत, वाचता येत नाही. खाली सही केली, शिक्का मारला. हिरव्या चौकोनाला हे कार्ड खोटं पाडणार होतं, आणि दत्तराव सर परत आले की वाद होणार होता. होऊ दे, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. पण त्यात कसला मोठेपणा नव्हता, हेही त्यांना कळत होतं. पोरगी जायची ती जाणारच होती.

परमेश्वरनं हाक मारली तशी शिवकन्या आत आली. सरांनी कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटंसुलटं पाहिलं, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मान वर केली.

"सर, काय लिवलंय?"

सरांनी कार्ड परत घेतलं. काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती, पोरीला काही कळलं नसतं. पण त्यांनी एकेक शब्द मोठ्यानं वाचला, अगदी शेवटच्या 'वाचता येत नाही' पर्यंत. शिवकन्या धडा ऐकावा तशी लक्ष देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं कार्डासाठी हात पुढे केला, पण घेता घेता थांबली.

"आन् वर नाव माझंच हाय ना सर? दुसऱ्या कुनाचं न्हाई ना?"

"तुझंच आहे," पंडित सर म्हणाले.

तिनं कार्ड घेतलं, वर्गात ठेवलेलं दप्तर उचललं आणि बापाच्या मागोमाग पायऱ्या उतरली.